तळहाताचं माप

काशीनाथदादा गेल्याचं त्यांच्या जावयानं ठाण्यात माझ्या दाराशी येऊन सांगितलं, त्याला आता महिना होत आला. तेव्हापासून एका जागी बसवत नाही...

कल्याणला मी नवा ओव्हरसियर होतो, दादा गवंडी. रेल्वेच्या एका साहेबाच्या मडमेला संधिवात. बंगल्यातली ओल तिला सोसेना. म्हणून विलायतेहून लाकडं जाळायची लोखंडी शेगडी आली. ती दिवाणखान्याच्या भिंतीतल्या विटांच्या कोनाड्यात बसवायची होती. कोनाड्याच्या वरच छताच्या तुळईचं टोक भिंतीत पुरलेलं. "हे कापून खाली दगडाचा आधार देऊ," दादा म्हणाले. साहेबाला घाई होती. मी म्हटलं, "राहू द्या, वर गिलावा करा."

शेगडी पेटली. मडम खूश झाली. दादा मात्र रोज जाऊन शेगडीवरच्या भिंतीला तळहात लावत. दहा आकडे मोजेपर्यंत हात टिकला तर भिंत ठीक, हे त्यांचं माप. पाचव्या दिवशी त्यांनी चार मोजताच हात काढला.

"बापूराव, भिंत उघडायला हवी."

"नवा रंग दिलाय, दादा. विटा तापणारच!"

"विटांचं नाही हो. आतल्या लाकडाचं काय?"

मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कुणाला न विचारता शेगडी विझवली आणि गिलावा फोडला. तुळईचं टोक कोळसा झालं होतं, त्यातून धूर निघत होता. साहेब धावत आला, ओरडला, "हे लाकूड इथे तसंच कुणी ठेवलं?"

मी खाली पाहत राहिलो. दादा म्हणाले, "माझी नजरचूक, साहेब."

त्यांनी टोक कापलं, दगड बसवला, शेगडीमागे चार बोटं मोकळी जागा सोडली. काम संपलं त्या दिवशी साहेबानं त्यांना काढून टाकलं. पुढे ते ठाण्याला आले, भट्ट्या बांधू लागले. माझीही बदली तिथेच झाली. लांबून ते दिसले की मी गल्ली बदलायचो.

तेरावं झाल्यावर त्यांच्या घरी गेलो. उंबऱ्याबाहेरूनच वहिनींना सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "तुमची नोकरी नवी होती, म्हणून ते बोलले नाहीत. पण बापूराव, इतकी वर्षं तुम्ही आमच्याकडे आला का नाहीत? सणावाराला ते तुमची वाट बघायचे."

मी उंबऱ्याबाहेरच उभा होतो. त्यांनी पाट मांडला आणि त्या म्हणाल्या, "आत या."