फ्राउ केलरच्या हातचा केक

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. वर्तमानपत्रात उमेदवारी करताना संपादकांनी एकच धडा दिला होता – पाहिलं तेवढंच लिही. तेवढंच लिहितो.

साठीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. माझी पत्नी सुधा हायडेलबर्गला डॉक्टरेट करत होती. विषय – शतकाच्या सुरुवातीला जवळच्या एका शहरातल्या कामगार वस्तीत टायफॉइडचा माग कसा काढला गेला. त्या काळी आरोग्य खात्याचे लोक दारोदार फिरून, स्वतः ठणठणीत पण पोटात जंतू असलेली माणसं शोधत. अशांनी दुसऱ्यासाठी स्वयंपाक करायचा नाही, असा हुकूम असे. मी रजेवर आलो होतो. वस्तीतल्या जुन्या रहिवाशांना भेटायला सुधाबरोबर जायचो.

फ्राउ केलर, म्हणजे केलरबाई, तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. जर्मन माणूस भेटल्यावर आधी हात मिळवतो. यांनी दार उघडलं आणि... चक्क नमस्कार केला.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?" सुधाने विचारलं.

"तुम्हीच. आल्झो, आलात एकदाचे! किती उशीर केलात!"

"अहो, बाईंचं वय झालंय," सुधा मराठीत पुटपुटली.

कॉफी त्यांनी आम्हालाच करायला लावली. लहानपणी टायफॉइडच्या तापातून पुरत्या उठल्याही नव्हत्या, तेव्हाच त्यांच्या पोटात जंतू सापडले होते. तेव्हापासून त्यांच्या हातचं कुणी खाल्लं नव्हतं.

"नवऱ्यानेसुद्धा नाही. स्वयंपाक तोच करायचा. भयंकर करायचा, बिचारा!" त्या हसल्या. मग म्हणाल्या, "हुकूम आला त्या दिवशी मी जिन्यात रडत बसले होते. एक बाई आली. कपाळावर लाल ठिपका, बरोबर एक माणूस. तिने असे हात जोडले. म्हणाली, रडू नकोस, तुझ्या हातचं आम्ही खाऊ." त्यांनी सुधाच्या मोत्यांच्या कुड्यांकडे बोट दाखवलं. "फक्त हे फूल तेव्हा एकाच कानात होतं."

सुधाने विषय बदलला. "पुन्हा तपासून घेऊ या का?"

"आणि जंतू निघाले तर?"

"तर आहे तसंच चालू राहील."

"नाही, बाळ. आज निदान आशा तरी आहे."

तयार व्हायला त्यांना सगळा हिवाळा लागला. नमुने पुन्हा पुन्हा तपासले. जंतू नव्हते. सांगायला गेलो, तर टेबलावर सफरचंदाचा केक तयार.

"निकाल कळायच्या आधीच केलात?"

"तुम्ही शब्द दिला होता ना."

पण वाढायची वेळ आली तेव्हा त्यांनी सुरी केकपर्यंत नेली. मग तशीच खाली ठेवली. सुधा त्यांच्यासमोर जाऊन बसली. "आमच्याकडे घास भरवतात. भरवा मला."

त्यांनी बोटांनी तुकडा मोडला आणि तिच्या तोंडात घातला. मग तिच्या कानाकडे बघत हळूच म्हणाल्या, "गेनाऊ. अगदी असंच."

डावा कान रिकामा होता. ट्रॅममधून उतरताना दोन्ही कुड्या मी पाहिल्या होत्या. आम्ही खोली, जिना, रस्ता, सगळं शोधलं. कुडी मिळाली नाही.

सुधा म्हणते, तापातला भास, आणि पुढचा योगायोग. असेल. पण तापातल्या मुलीला नमस्कार कसा कळला, हे तिलाही सांगता येत नाही. ती मुलगी जिन्यात रडत होती तेव्हा आमचा जन्मही झाला नव्हता.

केक मात्र उत्तम होता. त्याला साक्षीदार दोन आहेत.