न लावलेला फोन

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट ठाऊक नाही.

आमचं घर जळगावात. बाबा भुसावळला रेल्वेत होते, आणि कॅथलिक, तेही हट्टानं जुन्या लॅटिन मिस्सेचे — चर्चमधली जी उपासना आता मराठीत होते, तिच्या जुन्या रूपाचे. परदेशात एका वृद्ध आर्चबिशपांनी ती मिस्सा जपायला धर्मगुरूंचा संघ काढला. पुढे पोपची परवानगी नसताना बिशप नेमले, म्हणून ते आणि ते बिशप सगळेच बहिष्कृत झाले. त्या बिशपांवरचा बहिष्कार नंतर उठला, पण रोमशी पुरतं जुळलं नाही. त्या संघाचे एक फादर तीन-चार महिन्यांनी दक्षिणेतून यायचे. आम्ही घरातलं टेबल वेदी म्हणून भिंतीला लावायचो, ते आमच्याकडे पाठ करून मिस्सा म्हणायचे. शेजारचे नाना विचारायचे, फादर रुसलेत का तुमच्यावर?

मी मात्र गावच्या चर्चच्या समितीवर. हिशेब माझ्याकडे. तिथं या फादरांना घरी बोलावू नका असं सांगितलेलं — मी दोन्हीकडे मान डोलवायचो.

बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा मुलीचं लग्न पंधरा दिवसांवर होतं, त्याच चर्चमध्ये. बाबांनी एकच मागितलं — मरणाआधी लावतात ते शेवटचं तेल जुन्या रीतीनं, त्याच फादरांच्या हातून. फादर त्या आठवड्यात नाशिकला होते. किती लांब आहे हो नाशिक?

"लागला का फोन?"

"बंद येतोय, बाबा."

मी लावलाच नव्हता. चार दिवस ते विचारत राहिले, चार दिवस मी तेच सांगितलं. त्या फादरांना बोलावलं तर लग्न अडेल असं कुणी म्हणालं होतं का? नाही. मीच तसं धरून चाललो.

शेवटी गावच्या फादरांना आणलं. बाबांनी डोळे उघडून पाहिलं, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. तसेच गेले. लग्न ठरल्या दिवशी झालं.

पण एवढंच असतं तर —

पुढच्या खेपेला संघाचे फादर आले, तेव्हा अक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं, त्यांना फैलावर घेतलं. आमचा म्हातारा तुमची वाट बघत गेला, फोन तरी चालू ठेवत जा. फादर गोंधळले. म्हणाले, गाडी घाटात असेल, रेंज नसेल. मग माझ्याकडे वळून त्यांनी हात जोडले.

"मला माफ करा."

"केलं, फादर," मी म्हणालो.

त्यानंतर ते मिस्सेतही फोन चालू ठेवायचे. इतका काटेकोर माणूस — मधेच फोन वाजला की दचकायचा. मी त्यांच्यापुढेच गुडघे टेकून पापं सांगायचो, जुन्या शिस्तीनं, प्रकार आणि संख्येसह. हे एक सोडून. ते माझ्या डोक्यावर हात उचलून क्षमा उच्चारायचे. समोरच बसलेले असायचे — एक वाक्य जड होतं का?

गेल्या उन्हाळ्यात फादर वारले. शेवटपर्यंत त्यांना वाटत राहिलं, फोन त्यांचाच बंद होता.