मालगाडीखालची वाट

कतारमधल्या अल वक्राच्या त्या कंपाउंडमध्ये एक रिवाज आपोआप पडून गेला होता. एसी बिघडला की मेकॅनिक काशिफला फोन करायचा, आणि भारतात रेल्वेशी काही वाकडं झालं की व्हेरोनिकाताईंच्या दाराची बेल वाजवायची. कुणाच्या म्हाताऱ्या वडिलांना स्टेशनवर व्हीलचेअर मिळाली नाही, कुणाच्या गावच्या भुयारी रस्त्यात पाणी तुंबतं, कुणाच्या भाचीला प्लॅटफॉर्मवरच्या उघड्या वायरचा झटका बसला. ताई ऐकून घ्यायच्या, चष्मा डोक्यावर सरकवायच्या आणि विचारायच्या, "हे पाहिलं कोणी?"

व्हेरोनिकाताई तुस्कानो मूळच्या वसईच्या. दोह्यातल्या एका हॉस्पिटलात रुग्णांच्या नोंदी सांभाळण्याचं काम. नवरा नाही, मुलगा कॅनडात. कंपाउंडमधले लोक प्रेमाने त्यांना 'आपल्या रेल्वेमंत्री' म्हणायचे. वरच्या मजल्यावरची पूर्णिमाही त्यात हसायची. त्यांच्या दाराशी आपल्यालाही एक दिवस उभं राहावं लागेल, असं तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

तिची चैत्राली कतारमध्येच वाढली. खजुराच्या झाडांपलीकडे फारसं हिरवं न पाहिलेल्या या मुलीला कॉलेजात शिकायची होती ती झाडंच. तिच्या बाबांनी, गिरीशने, इंजिनीयरिंगचे सगळे फायदे सांगून पाहिले, पण पोरगी ऐकेना. शेवटी कोकणातल्या कातळवण्याच्या फलोद्यान कॉलेजात ॲडमिशन झाली. रेल्वेलाईनच्या एका बाजूला कॉलेज आणि होस्टेल, दुसऱ्या बाजूला बाजार, दवाखाना, एसटी स्टँड. पाठवताना पूर्णिमाने मुलीबरोबर मेतकूट दिलं, औषधांची पिशवी दिली, सूचनांचा तर डोंगर दिला. त्यात रेल्वेलाईन कुठेच नव्हती.

मग एके दिवशी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. कातळवण्याच्या स्टेशनात मालगाडी उभी होती. अशा गाड्या तिथे तासन्‌तास थांबून राहायच्या आणि नेमकी पायवाट अडवायच्या. व्हिडिओत पाठीला सॅक लावलेली मुलं-मुली एकेक करून डब्याखाली वाकत होती, रुळांवरून सरपटत पलीकडे निघत होती. कुणी घाबरलेलं दिसत नव्हतं. उलट एक मुलगी पलीकडे जाऊन केस झटकत हसत होती. खाली कुणीतरी लिहिलं होतं की मागच्या वर्षी असंच जाताना गाडीला अचानक धक्का बसला आणि तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाचा पाय गेला.

पूर्णिमाने लगेच फोन लावला. "चैत्राली, तू नाही ना गं जात अशी?"

"नो, आई. आय गो अराउंड. फाटकापर्यंत चालत जाते. डोन्ट वरी."

पण काळजी अशी सांगून थांबते थोडीच. इथे मेट्रोत गाडी येईपर्यंत रुळांसमोर काचेची दारं बंद असतात. पूर्णिमा स्टेशनात उभी राहिली की त्या काचेत तिला स्वतःचाच चेहरा दिसायचा आणि त्यामागे तो डबा.

शुक्रवारी दुपारी ती व्हेरोनिकाताईंकडे गेली. ताई चर्चमधून आल्या होत्या आणि सिंकपाशी हमूर मासा साफ करत होत्या.

"बस गं बाय. हात खराब आहेत माझे. बोल."

पूर्णिमाने सगळं सांगितलं. पादचारी पूल हवा, त्यासाठी अर्ज करायचा आहे, तुम्ही मसुदा करून द्या, सही मी करते.

"तू त्या स्टेशनवर कधी उतरलीस?"

"नाही. ॲडमिशनला आम्ही कारने गेलो होतो."

"मग तू काय लिहिणार? 'व्हिडिओ पाहून मला भीती वाटली'?" ताईंनी माशाचं पोट साफ करता करता मान हलवली. "भीतीला तिकडे उत्तर नसतं, पूर्णिमा. काय घडलं, कुठे घडलं, कुणी पाहिलं, त्याला उत्तर द्यावं लागतं. मुलीला लिहू दे."

"तिची परीक्षा आहे हो. आणि ती तर फाटकावरून जाते."

"मग जी खालून जाते, तिला लिहू दे."

पूर्णिमाला ते थोडं लागलं. इतकी अनुभवी बाई, आणि एक अर्ज लिहून देत नाही? घरी येऊन तिने ठरवलं की आपण आपल्या पद्धतीने करू. मराठी मंडळाच्या नाटकाच्या तालमीला पुढच्याच आठवड्यात सगळे जमणार होते. एकत्र सह्यांचं निवेदन देण्यापेक्षा प्रत्येकाने सरकारच्या तक्रार पोर्टलवर वेगळी तक्रार नोंदवली तर जास्त दणका बसेल, असं मंडळातल्या मालविकाने सुचवलं आणि सगळ्यांना ते पटलं. मजकूर पूर्णिमाने लिहिला, तिच्या मते चांगला झणझणीत. बाकीच्यांनी तो उचलून चिकटवायचा होता.

अडलं ते ओटीपीपाशी. पोर्टलला भारतातला मोबाइल नंबर हवा होता, आणि आखातात राहणाऱ्यांचं भारतातलं सिमकार्ड म्हणजे दर सुट्टीत विकत घ्यायचं आणि परत आलं की ड्रॉवरमध्ये मरू द्यायचं. कुणाचंच चालू नव्हतं. एक फक्त गिरीशचं होतं. बँकेसाठी तो नेमाने रिचार्ज करायचा.

"घ्या माझा नंबर," गिरीश उदारपणे म्हणाला, आणि खुर्ची टाकून मध्ये बसला. तो ओटीपी वाचायचा, एकेक जण टाकायचा. तालीम राहिली बाजूला. "यल्ला, चला, पुढचा कोण?" अशा आरोळ्या उठल्या. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पूर्णिमाला भरून आलं. एवढी माणसं आपल्या लेकीसाठी!

काही आठवड्यांनी गिरीश ऑफिसात मीटिंगमध्ये असताना त्याचा फोन वाजायला लागला, तो थांबेचना. एकामागून एक मेसेज, सगळ्यांत एकच मजकूर. एकाच क्रमांकावरून तीच तक्रार वारंवार आल्याने सर्व तक्रारी निकाली काढण्यात येत आहेत.

"मॅनेजर विचारत होता, घरी सगळं ठीक आहे ना," गिरीश घरी आल्यावर म्हणाला. "रेल्वेच्या लेखी मी आता वेगवेगळी नावं घेऊन हिंडणारा एक माथेफिरू आहे."

पूर्णिमाला हसू आलं नाही. आता आपण नव्याने काही पाठवलं, तर तेही याच ढिगात जाणार या विचाराने तिला धडकी भरली.

व्हेरोनिकाताईंना सांगायचं धाडस व्हायला तिला दोन-तीन दिवस लागले. एका सकाळी मेट्रोत त्या समोरच बसलेल्या दिसल्या, तेव्हा तिने सांगून टाकलं. ताई आधी गंभीरपणे ऐकत होत्या. 'गिरीशने खुर्ची टाकली' इथपर्यंत आल्यावर त्यांना हसू आवरेना. शेजारच्या फिलिपिनो बाईने वळून पाहिलं.

"अगं, हे आपल्या गल्फवाल्यांनाच जमतं," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "अख्खा दोहा एका सिमवर!"

"हसू नका हो ताई. सगळं खलास झालं."

"खलास कसलं? तक्रार बंद झाली. स्टेशन आहे ना तिथेच?"

मग बऱ्याच दिवसांपासून मनात असलेलं पूर्णिमाने विचारलं. "तुम्ही हे का करता, ताई? तुमचं कोण आहे त्या गाड्यांमध्ये?"

ताईंनी पर्स मांडीवर नीट ठेवली. "माझा नवरा होता, पीटर," त्या म्हणाल्या. "नंदुरबारकडे त्याच्या मित्राचं लग्न होतं. एक लहान स्टेशन. प्लॅटफॉर्म एवढा खाली, की गाडीतून उतरायचं म्हणजे उडीच मारायची. त्याच्या हातात आहेराची पेटी होती. पेटी सोडली नाही त्याने. मधल्या फटीत गेला. मी इथे ड्यूटीवर होते."

त्यांचा आवाज बदलला नव्हता. हॉस्पिटलातली एखादी नोंद वाचून दाखवावी तसं त्या सांगत होत्या.

"तुम्ही मग अर्ज केलात?"

"आधी शिव्या दिल्या. पानंच्या पानं. त्यांची उत्तरं आली, 'आम्हाला खेद आहे.' मग मी सुट्टी घेऊन त्या स्टेशनवर गेले आणि बाकावर बसले. माणसं कशी उतरतात ते पाहत राहिले. म्हातारी माणसं बसून उतरायची, बाया आधी पोर खाली द्यायच्या. ज्याला ज्याला लागलं होतं, त्याच्याकडे गेले. म्हटलं, बाबा, तुझं तू सांग, मी लिहिते, सही तुझी. दर सुट्टीत तेच. आमचा मुलगा म्हणायचा, मम्मी, लोक सुट्टीत गोव्याला जातात."

"आणि झालं?"

"मुलगा शाळेत होता तेव्हा सुरू केलं. तो नोकरीला लागला तेव्हा प्लॅटफॉर्म उंच झाला." त्या खिडकीबाहेर बघत थोडं हसल्या. "मी गेले होते बघायला. गाडी थांबली आणि मी उतरले. घराच्या उंबऱ्यावरून अंगणात पाय टाकावा तशी. खाली बघावंसुद्धा लागलं नाही. माझ्यामागून एक गरोदर बाई उतरली, फोनवर बोलत बोलत. तिला काही कळलंसुद्धा नाही."

त्यांचं स्टेशन आलं. "येते," म्हणून त्या उठल्या आणि गर्दीत दिसेनाशा झाल्या. पूर्णिमाला पुढच्या स्टेशनवर उतरायचं होतं, ते ती विसरूनच गेली. इतकी वर्षं रोज जिला जिन्यात 'गुड मॉर्निंग' म्हटलं, ती बाई किती उंच आहे हे तिला आत्ता दिसलं होतं. आपण देवळात असतो तसं गप्प राहावं, असं तिला वाटत होतं.

शनिवारी ती पुन्हा ताईंकडे गेली आणि म्हणाली, "तुम्ही सांगाल तसं."

ताईंनी चैत्रालीलाच फोन लावायला सांगितला आणि स्पीकर चालू केला. इकडचं तिकडचं बोलून झालं. होस्टेलच्या जेवणाला नावं ठेवून झाली. मग ताई म्हणाल्या, "चैत्राली, मला तुझं स्टेशन बघायचंय. मी तिथे नाही, तर तू माझे डोळे हो. गाडी उभी आहे. तू बाजारातून येतेस. काय करतेस?"

"आंटी, लोक खालून जातात."

"लोकांचं ते सांगतील. तू?"

पूर्णिमाने ओट्याची कड धरली.

"आई आहे का तिथे?"

"आहे."

"आय गो अंडर, आंटी." मुलीचा आवाज अगदी लहान झाला होता. "ऑलमोस्ट एव्हरी डे. फाटक खूप लांब आहे. प्रॅक्टिकल चुकतं. आधी चाकं बघते, कान देऊन ऐकते, मग जाते. एकदा मी खाली असताना गाडीतून हवा सुटल्यासारखा आवाज आला. आय फ्रोझ. मैत्रिणीने ओढलं. सॉरी, आई."

पूर्णिमाच्या तोंडात सगळं एकदम आलं. आजच्या आज परत ये, तुझ्या पाया पडते, खोटं बोललीस माझ्याशी! ताईंनी तिच्याकडे पाहिलं आणि आपला हात तिच्या मनगटावर ठेवला. डोळ्यांनीच सांगितलं, आत्ता नको. आत्ता रागावलीस तर पुन्हा ही कधी खरं सांगणार नाही.

"लागलं नाही ना गं तुला?" एवढंच पूर्णिमाने विचारलं.

"नाही, आई." आणि मुलगी रडायला लागली.

"रडून झालं की हेच लिही," ताई म्हणाल्या. "जसं सांगितलंस तसं. 'भयंकर', 'जीवघेणं' काही नको. तुझा नंबर, तुझं नाव. ज्या मैत्रिणीने ओढलं, तिने तिचं लिहायचं. आणि मैत्रिणीची शपथ आहे तुला, काही सोय होईतोवर फाटकावरूनच जायचं. प्रॅक्टिकल चुकलं तर चुकलं."

पहिला अर्ज चैत्रालीचा गेला. मग तिच्या मैत्रिणीचा. मग होस्टेलातल्या मुलींचे, मग पाय गेलेल्या त्या मुलाचा, त्याने स्वतः लिहिलेला. बाजारातली भाजीवाली मुलींच्या मागे लागली, माझं पण लिवा, मी डोक्यावर पाटी घेऊन खालून कशी जाते ते. प्रत्येकाचा नंबर आपला, गोष्ट आपली. पहिलं उत्तर आलं, विद्यार्थ्यांनी फाटकाचा वापर करावा. चैत्राली चिडून फोनवर म्हणाली, "आंटी, दे आर हार्टलेस."

"नाही गं. ते लांब आहेत," ताई म्हणाल्या. "त्यांना जवळ बोलाव. अपील कर. 'फाटकापर्यंत चालून पाहावे, ही विनंती' असं लिही."

आणि रेल्वेचे एक साहेब खरंच आले. ते आले तेव्हा मालगाडी उभीच होती. त्यांना पलीकडे कॉलेजात जायचं होतं. भाजीवाली म्हणाली, "सायेब, चालत जावा फाटकापर्यंत. नायतर वाका." साहेब वाकले नाहीत. वैशाखाच्या उन्हात फाटकापर्यंत गेले आणि पलीकडून घाम पुसत आले. कुणी हसलं नाही. मग ते बाकावर बसले आणि एकेकाला बोलावून घेतलं. मुली बोलल्या, तो मुलगा बोलला. साहेबांनी मध्ये कुणालाच तोडलं नाही, असं चैत्रालीने सांगितलं, आणि सांगताना तिच्या आवाजात एक नवंच काहीतरी होतं.

पूल होईल तेव्हा होईल. त्याचा प्रस्ताव वर गेला होता. पण तोवरसाठी हुकूम निघाला की मालगाडी थांबली की पायवाटेपाशी डबे सोडवून तिचे दोन भाग करून ठेवायचे, म्हणजे माणसांना मधून जाता येईल.

पुढच्या शनिवारी दुपारी चैत्रालीचा व्हिडिओ कॉल आला. पूर्णिमा फोन घेऊन तशीच अनवाणी जिना उतरून व्हेरोनिकाताईंकडे धावली. ताईंनी चष्मा खाली घेतला आणि दोघी त्या लहानशा पडद्यावर वाकल्या. दोन्ही बाजूंना मालगाडीचे अजस्र काळे डबे उभे होते आणि त्यांच्यामध्ये उजेडाचा एक रुंद पट्टा होता. लाल निशाण रोवलेलं होतं. भाजीवाली डोक्यावर पाटी घेऊन चालली होती, तिच्यामागे मुलं, एक म्हातारा सायकल हाताने ढकलत. सगळे ताठ मानेने चालत होते.

"आई, बघ," चैत्राली म्हणाली, आणि फोन समोर धरून तीही त्या डब्यांमधून चालायला लागली. "मी चालतेय."

लेकीच्या पायांखालची खडी पडद्यातून ऐकू येत होती.

"पुलाचं काय म्हणाले?" व्हेरोनिकाताईंनी विचारलं.

"इन द नेक्स्ट बजेट, आंटी. कदाचित."

"बरं. मग सोमवारी त्यावर बसू आपण," ताई म्हणाल्या. "आता पलीकडे पोच आधी. तिथे थांबून बोलू नकोस."