दोन गोळ्यांचा चहा

"एक कप चहा बिनसाखरेचा काढा हं! ह्येंची साखर माझ्याकडं हाय!"

कुणाच्याही घरी गेल्यावर वहिनींचं पहिलं वाक्य हे. अजून चप्पल पायातच असायची, पण आवाज स्वयंपाकघरात पोचलेला असायचा. मग चहा आला, की कमरेच्या पिशवीतून बोटाएवढी पांढरी डबी निघायची. टिक्, टिक्. दोन बारीक गोळ्या कपात पडायच्या. चमच्यानं ढवळून, एक घोट स्वतः चाखून, कप नवऱ्याच्या हातात जायचा.

"घ्या मालक. झाला गोड."

तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल. पथ्य नवऱ्याचं, पण ते सांभाळायचं काम तिनं स्वतःच्या अंगावर घेतलेलं असतं.

मंगळवार पेठेत त्यांच्या आणि आमच्या घरांमध्ये एकच भिंत. त्या ब्लाउज शिवायच्या, मी शाळेत मराठी शिकवायचे. सगळी गल्ली त्यांना वहिनी म्हणायची, आणि त्या नवऱ्याला मालक म्हणायच्या म्हणून गल्लीही त्यांना मालकच म्हणायची. इथल्या जुन्या बायकांसारखं वहिनी स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायच्या. त्यांच्या तोंडी ते शोभायचंही, कारण आवाज फौजदाराचा होता.

मालक मात्र अगदी मऊ. सगळी नोकरी शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत, भट्टीपुढं उभं राहून केलेली. बोलणं थोडं, आणि खाणं गोड. लग्नाच्या पंगतीत जिलेबी आली की त्यांचे डोळे आधी जिलेबीकडं जायचे आणि मग वहिनींकडं.

एकदा ते गावाकडून परत आले आणि दारात उभे राहून शांतपणे चप्पल काढू लागले. वहिनींनी शर्टाच्या खिशाकडं बघितलं. खिशावर मुंग्यांची रांग लागली होती.

"मालक, खिशात काय हाय?"

"काय न्हाय."

"मग ह्या मुंग्या काय तुमचं तोंड बघाया आल्यात?"

खिशातून कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा निघाला. आम्ही सगळे हसलो, मालकही हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी तो खडा उचलला आणि रस्त्यावरच्या गाईला घातला.

त्या का हसल्या नाहीत, ते मला पुढं कळलं. त्यांचा थोरला भाऊ कागलला होता. त्याला शुगर निघाली तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. चहा तसाच चालू राहिला, सणाची पोळी तशीच. मग चप्पल चावल्याचं निमित्त झालं. जखम चिघळली, आधी बोटं काढावी लागली, मग गुडघ्याखालचा पाय. दवाखान्यात भावाजवळ वहिनीच होत्या. "पाय गेला तरी अंगठ्याला खाज येत्या म्हणायचा," असं त्या सांगायच्या.

त्यामुळं मालकांचा रिपोर्ट आला, त्याच दिवशी घरातला साखरेचा डबा शेजारी, म्हणजे आमच्याकडं आला. सुरुवातीला त्यांनी मालकांना नुसता बिनसाखरेचा चहा देऊन बघितला. मालकांनी तक्रार केली नाही. फक्त कप अर्धा ठेवून उठायला लागले. वहिनींना ते बघवेना. त्यांनी डॉक्टरांना साखरेऐवजी घालायच्या गोड गोळ्यांबद्दल विचारलं, डॉक्टर म्हणाले, बेतानं घ्यायला हरकत नाही. आणि ती पांढरी डबी घरात आली.

रोज संध्याकाळी आणखी एक कार्यक्रम असायचा. मालक कट्ट्यावर बसायचे आणि वहिनी खाली जमिनीवर.

"पाय बघू."

बोटांच्या बेचक्या, टाचा, नखं, सगळं उजेडाकडं धरून बघायच्या. खोबरेल तेल लावायच्या. जाणारी-येणारी पोरं हसायची. मालक लाजून दुसरीकडं बघायचे, पण पाय मागं घ्यायचे नाहीत.

अशी कितीतरी वर्षं नीट गेली. मालकांचे डोळे शाबूत, किडन्या शाबूत, पाय शाबूत. वहिनींना त्याचा फार अभिमान होता.

मग एका उन्हाळ्यात मालकांचं जेवण कमी झालं. पाठीत दुखायला लागलं, डोळे पिवळे दिसायला लागले. कावीळ म्हणून आधी झाडपाला झाला. मग तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता आणि तो पुढं गेलेला होता. दिवाळी त्यांनी बघितली नाही.

त्यांना शेवटची आंघोळ घालताना मी तिथंच होते. वहिनी रडत नव्हत्या. त्यांनी मालकांचं पाऊल दोन्ही हातांत घेतलं आणि जमलेल्या बायकांना दाखवलं.

"बघा की. एक चीर न्हाय."

रक्षाविसर्जनाच्या दिवशी घर भरलेलं होतं. मालकांची बहीण शाहूवाडीहून आली होती. बाई मनानं वाईट नाही, पण जिभेला लगाम नव्हता. कुणाच्या तरी फोनवर काहीतरी आलं होतं, ते तिनं सगळ्यांना मोठ्यानं ऐकवलं.

"गोड गोळ्यांनी कॅन्सर होतोय म्हणं. आमच्या दादाला तर रोज चहातनं घातल्या की! साखर खाल्ली असती तर निदान जगला तरी असता."

कुणीतरी तिला गप्प केलं. विषय बदलला. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण त्यांचा पदराशी चाळा करणारा हात थांबलेला मला दिसला.

पुण्याहून आलेली त्यांची लेक चिडली. आत्याला जाब विचारते म्हणाली. वहिनींनी तिला अडवलं. "तिला काय बोलू नगंस. भाऊ गेलाय तिचा."

त्यानंतर वहिनी माझ्याकडं यायला लागल्या. "बाई, तुम्ही शिकल्याल्या. जरा बघून सांगा की, खरं काय हाय ते." मी फोनवर शोधायचे. एका ठिकाणी लिहिलेलं असायचं, धोका असू शकतो. दुसऱ्या ठिकाणी, ठरावीक प्रमाणात घेतल्यास काळजीचं कारण नाही. मी त्यांना दुसरं वाचून दाखवायचे. त्या विचारायच्या, "आणि वरचं काय हाय?"

शेवटी मी त्यांना घेऊन डॉक्टरांकडं गेले. चांगला माणूस. बाहेर रांग होती, तरी त्यांनी खुर्ची पुढं ओढून घेतली.

"वहिनी, त्यांचा आजार त्या गोळ्यांनी झाला असं मला वाटत नाही. तसा भरवशाचा पुरावा नाही. साखर चालू ठेवली असती तर मात्र त्यांचे डोळे, किडन्या, पाय यांचं काय झालं असतं, ते तुम्ही भावाच्या बाबतीत बघितलंय."

"म्हंजे गोळ्यांनी न्हायच झालं?"

डॉक्टर म्हणाले, "एखाद्याला कॅन्सर नेमका कशानं झाला, हे शंभर टक्के कुणीच सांगू शकत नाही."

ते खरंच बोलले होते. पण रिक्षात बसल्यावर वहिनींनी त्यांच्या सगळ्या बोलण्यातला तेवढाच तुकडा हातात धरला होता. "शंभर टक्के न्हाय म्हणाला, बाई."

मी पुष्कळ समजावलं. त्या ऐकत होत्या. रंकाळ्याच्या बाजूनं रिक्षा वळली तेव्हा त्यांचा आवाज एकदम खाली आला. एवढा हळू आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"बिनगोडाचाच दिला असता तर सवय लागली असती त्येंना. लागत्याच की माणसाला. पण मला वाटलं, जल्मभर आगीम्होरं उभा राहिलेला माणूस. त्येच्या जिभंवर जरा गोड असू दे. माझीच हौस, बाई. त्येंनी कवा मागितलं न्हवतं."

साखर आणि गोळी यांतलं कुठलं कमी वाईट, हे सांगणारी माणसं सापडतात. मायेनं केलेल्या गोष्टीचा हिशोब कोण मांडणार?

पुढं एकदा दुपारी मी त्यांच्याकडं गेले होते. चहा झाला. माझ्या कपात साखर होती. स्वतःच्या कपात मात्र त्यांनी डबीतून दोन गोळ्या टाकल्या.

"वहिनी, तुम्हाला तर शुगर नाही."

"न्हाय."

"मग?"

"त्येंनी खाल्लं ते मी खातो. मला काय झालं, तर समजंल."

"आणि नाही झालं तर?"

त्यांनी चहा ढवळला. "तर मोकळी झालो."

लेकीनं फोनवर रडून सांगितलं, मी भांडून सांगितलं. उपयोग नव्हता. गल्लीतल्या कुणाला कळू नये म्हणून त्या बाहेर चहाच घेईनाशा झाल्या. ती बाई, जिचा आवाज चार घरं ऐकायची, ती कुणाच्या दारात गेली तर आता उंबऱ्यावरूनच परत यायची.

वर्षं गेली. लेक दर वर्षी तपासण्या करून घ्यायची. सगळं ठीक निघायचं. मी रिपोर्ट वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, "बघा वहिनी, काही नाही. आता तरी सोडा." त्या कागद हातात घ्यायच्या. "माझी कुडी येगळी, त्येंची येगळी. माझ्या एकटीवरनं काय कळतंय?" आपल्या परीक्षेला उत्तर नाही, हे त्यांना माझ्याआधीच समजलं होतं. तरी त्या ती देत राहिल्या.

परवाच्या माघात, जेवण करून जरा पडतो म्हणाल्या, त्या उठल्याच नाहीत. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

पुन्हा घर भरलं. पुन्हा शाहूवाडीची नणंद आली. आता म्हातारी झालेली, काठी टेकत. कुणीतरी पुढं केलेला चहा तिनं बाजूला ठेवला आणि शेजारच्या बाईचा हात धरून मोठ्यानं रडायला लागली.

"काय सांगू बाई, आमच्या दादाला किती जपलं हिनं! दुसरी कोण असती तर त्यो कवाच गेला असता. हिच्यामुळं एवढी वर्सं जगला."

ती मनापासून बोलत होती. मागं आपण काय बोललो होतो, ते तिच्या गावीही नव्हतं.

लेकीनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं. मग आम्ही दोघीही त्या भरलेल्या खोलीत बघत राहिलो. सगळे होते. जिनं हे ऐकायला हवं होतं, तेवढी एकच नव्हती.