गोविंदानं काढलेले डोळे

गोविंदा मूर्तीवाला महालक्ष्म्यांचे मुखवटे घडवायचा आणि डोळे काढायच्या वेळी बायकोला समोर बसवायचा. "शांता, वर पाह्य," म्हणायचा. आवाज कधी चढवला नाही. ती पाहायची आणि त्याचा कुंचला चालायचा. मुखवटे अंजनगावच्या बाजारात ढिगानं मिळत, पण आमच्या गावात घरोघरी ज्येष्ठा-कनिष्ठा त्याच्याच हातच्या. त्यांच्यापुढे बडबडी माणसंही गप्प होत.

"डोये नुसत्या रंगानं येत नाई, भाऊ," तो मला सांगायचा, "समोरच्याच्या मनात भेव लागते." मला वाटायचं, कलाकार आहे, बोलतो असं.

मग शांता विहिरीत सापडली. पाय घसरला, असं त्यानं सांगितलं आणि कागदावरही तेच आलं. तिला शेवटची आंघोळ घालणाऱ्या बायकांनी मात्र पाठीवरचे जुने वळ पाहिले होते.

मी तिसरी शिकलेला, पण मत माझं पक्कं असतं. घरी सांगून टाकलं, "मुखवटे नदीत सोडतो. त्या हाताचं घरात नको."

माझ्या बायकोनं, सुमननं, दोन्ही मुखवटे पदराखाली घेतले. "हात त्याचा असन, तोंड तिचं हाय. एकदा गेली ना पाण्यात? आता तुमी बी टाकता का तिले?"

बायकोचं खरं असलं की मी रागावतो. रागावलो, मुखवटे राहिले.

सणाआधी रंग उजळायला मुखवटे त्याच्याकडे न्यायची रीत. यंदा तो स्वतःच दारात आला. "द्या भाऊ, डोये नवे करून देतो. पातूरकडची बायको केली म्या दुसरी."

"आमचे जुनेच राहू दे."

"फिके झाले."

"फिके चालते."

तो हसला. "गावानं तं दिले."

दिलेच होते. माणूस कसा का असेना, कला देवाची, असं म्हणत दिले होते.

महालक्ष्म्या बसल्या. दुपारी सुमन घरोघरी हळदीकुंकू करून आली ती ओट्यावरच थांबली.

"काहून वं, काय झालं?"

"साऱ्या घरी डोये बदलले. पातूरकडची कोणती पोरगी पाहून राह्यली कोण जाणे. तशीच भेलेली."

"मंग काय फोडतं साऱ्यायचे मुखवटे?"

"मुखवट्याचं काय घेऊन बसले तुमी? ते पोरगी जित्ती हाय अजून. चाला."

पुरणाचा नैवेद्य तसाच ठेवून निघालो. भर दुपारी गोविंदाच्या दाराला आतून कडी होती. सुमननं हाक मारायला तोंड उघडलं आणि अडली. त्या पोरीचे डोळे घरोघरी पुजायला बसले होते, आणि तिचं नाव आम्हा कोणालाच ठाऊक नव्हतं.

मी काठी दारावर घातली.