काऊनची ओळ

गोंदियाच्या आमच्या छोट्या ऑफिसात मी प्रोग्राम लिहायला लागले, तेव्हा मला शिकवणाऱ्या सीनियर दादांचा एकच नियम होता. कोडमधली एखादी ओळ चमत्कारिक वाटली, की तिच्या डोक्यावर ‘काऊन’ लिहायचं आणि पुढे कारण. “काय केलं थे मशीनले समजते. काऊन केलं, थे आपल्यालेच सांगा लागते,” ते म्हणायचे. पुण्याकडे याला नुसतं ‘का’ म्हणतात, पण आमच्या काऊनमध्ये भांडायची तयारीही असते.

दादा नागपूरला गेले आणि यंदा ऑफिसच्या मालकांनी, शेठजींनी, एआय घेऊन दिला. आधी मी नाक मुरडलं. मग चार दिवसांचं काम चहा होईस्तोवर व्हायला लागलं आणि मीही लाडावले.

आमगावच्या एका राइस मिलच्या वजनकाट्याचा जुना प्रोग्राम मी त्याला साफ करायला दिला. त्याने अनावश्यक वाटलेल्या ओळी आणि टिपा काढल्या. मी न वाचता होकार दिला. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

आठवड्याने काट्यावरच्या काकांचा फोन आला. “ओ म्याडम, कास्तकाराचं धान कमी काऊन दाखवून राहिलं तुमचं मशीन? लोक माह्या अंगावर येऊन राहिले!”

जुनी प्रत उघडली. माझीच ओळ होती: ‘काऊन: ट्रॅक्टर तोच, पण ट्रॉली दुसऱ्याची मागून आणतात. रिकामं वजन दर खेपेला घ्या.’ त्या काट्यावर दिवसभर उन्हात उभी राहिले होते, तेव्हा कळलेली गोष्ट होती ती. एआयने ट्रॅक्टरचा नंबर पाहिला आणि पहिल्याच खेपेचं रिकामं वजन कायम धरलं. पुढच्या खेपेला सासऱ्याची हलकी ट्रॉली लावून आलेल्या शेतकऱ्याचं धान कमी भरलं. मला फार लाज वाटली.

ओळ परत टाकली. शेठजींना म्हटलं, यापुढे सगळं वाचूनच पाठवू. ते म्हणाले, “पढ़ने का टाइम किसके पास है मॅडम? चल रहा है ना?”

आता नवे प्रोग्राम एआयच लिहितो. त्यांना जुनी प्रतच नाही. मागच्या आठवड्यात काकांकडच्या नव्या प्रोग्राममधून पावती दोनदा निघायला लागली. मी एआयला विचारलं. त्याने माफी मागितली, कोड बदलून दिला आणि पावती एकदाच निघाली. आधी काय चुकत होतं आणि आता काय सुधारलं, हे शोधायला मी कोड तीनदा वाचला. कळलं नाही.

“काऊन होत होतं म्याडम तसं?” काकांनी विचारलं.

“चालू झालं ना काका आता?” मी म्हटलं. शेठजींचंच वाक्य माझ्या तोंडून निघालं.

फोन ठेवला आणि सवयीने त्या कोडच्या डोक्यावर लिहायला घेतलं: ‘काऊन:’ पुढे खरं तेच लिहिलं. ‘मले माहीत नाही.’