वरचं बोटभर

पाण्याने भरलेला लोटा हातात दिला की आमचे मिस्त्री आधी त्याच्या काठाखाली बाहेरून एक बोट आडवं धरत. पाणी त्याच्या वर असलं तर तेवढं ओतून देत आणि मगच लोटा तोंडाला लावत. "वरचं बोटभर आपलं नव्हे हो, ते वाऱ्याचं," असं वर सांगत. माळव्यात भांडं काठोकाठ भरून देणं म्हणजे पाहुण्याचा मान. माझ्या बायकोने ताकाची वाटी भरून वाढावी आणि ह्या गृहस्थाने ती आधी चार थेंब सांडून हलकी करावी! "तुमच्या कोकणात ताक कडू असतं का हो?" असं तिने एकदा विचारलंच. असली माणसं तुम्हीही पाहिली असतील. धंदा त्यांच्या हाडात मुरलेला असतो आणि जेवतानासुद्धा बाहेर डोकावतो.

धारच्या तळ्यापलीकडे दगडाची खाण होती आणि अलीकडच्या काठावर एक धर्मशाळा उठत होती. बैलगाडीने वळसा घालून दगड आणायचा तर अर्धा दिवस मोडे. म्हणून ठेकेदाराच्या मनात आलं की एक मोठी नाव बांधून घ्यावी. मी त्याचा मुनशी. मूळचा देवासचा, पोटासाठी धारला आलेला. नाव बांधायला थेट कोकणातून मिस्त्री आले. त्यांना हिंदी येत नव्हतं आणि ठेकेदाराला मराठी. दोघांच्या मधे मी.

आल्या दिवशी मिस्त्री तळ्याच्या पायरीवर बसले, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि कुणीतरी फसवल्यासारखा चेहरा करून म्हणाले, "गोडं आहे हो हे!" तिथले केवट पोट धरधरून हसले.

केवटांच्या नावा सपाट बुडाच्या; आठ-दहा माणसं बसली की झाल्या भरल्या. मिस्त्रींनी उदयनगरच्या रानातलं सागवान मागवलं. खाली लांब कणा घातला, त्याला फासळ्या जोडल्या, फळ्यांच्या सांध्यांत कापूस आणि राळ ठोकून भरली. तरुणपणी ते मुंबईच्या गोदीत होते. तिथल्या आगबोटींच्या अंगावर माल किती भरायचा ह्याची रेघ असते, ती त्यांनी पाहिलेली. तशीच त्यांनी आमच्या नावेवर काढली. पटाशीने खाच पाडली आणि तीत तेलात कालवलेला गेरू भरला. "ही पाण्याला टेकली की भरणं थांबवायचं," असं त्यांनी सगळ्यांना बजावलं. साठ चिरे सहज बसतील असा त्यांचा शब्द होता.

नारळ फुटला, नाव भरली. साठावा चिरा ठेवला तेव्हा ती रेघ बोटभर पाण्याखाली गेलेली. लोक आनंदाने ओरडत होते आणि मिस्त्रींचं तोंड उतरलं होतं.

"चूक माझी आहे, मुनशी," ते म्हणाले. "मी अंदाज समुद्रावरचा धरला. खारं पाणी नावेला उचलून धरतं, गोडं तेवढं धरत नाही. चार चिरे उतरवायला सांगा."

मी ठेकेदाराला सांगितलं. तो हसायला लागला. "अरे भिया, साठ बोल्या था के नी? एक आंगळ में कंई डूबे है? इनको बोलो, लकीर ऊपर खेंच दो!"

मी ते मराठीत सांगितलं: बोटभराने काही बुडत नाही, रेघच वर घ्या. दुसरा एखादा सरळ नाही म्हणाला असता. पण मिस्त्री नको तितके खरे. थोडा विचार करून म्हणाले, "आगबोटींवर गोड्या पाण्याची रेघ वेगळी असते आणि ती वरच असते, हे खरं आहे. पण ती आगबोट पुढे समुद्रात जाते आणि तिथे आपसूक वर उठते. आपली ही नाव तळं सोडून कुठे जाणार?"

वाक्यं दोन-तीन होती. त्यातलं पहिलं मी हिंदीत सांगितलं मात्र, ठेकेदाराने मांडीवर थाप मारली. "देखो, खुद ही के रिया है!" असं म्हणून तो टांग्याकडे चालूही लागला. उरलेलं माझ्या तोंडातच राहिलं. टांगा चार पावलांवर होता. मी गेलो नाही. धन्याची खुशी मोडायची माझी छाती झाली नाही, एवढंच त्याचं कारण. उलट मिस्त्रींनाच म्हणालो, "काढा हो बोटभर वर. इथे कुठला आलाय समुद्र?"

सगळं ऐकूनच धन्याने ठरवलं, असं त्यांना वाटलं. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्यांनी मुकाट्याने नवी रेघ काढली. जुनी तासून टाका म्हटलं तर म्हणाले, "ती राहू दे. ती खरी आहे." आणि त्या दिवसापासून दगडांच्या प्रत्येक खेपेला ते स्वतः नावेत बसू लागले. "रेघ माझ्या हातची आहे हो," एवढंच म्हणत.

चार महिने काही झालं नाही. मी त्यांना चिडवायलाही लागलो होतो. "मिस्त्री, तुमचा वारा काही आपलं बोटभर मागायला आला नाही." ते हसत. "त्याला कुठे घाई आहे?"

फाल्गुनातल्या एका दुपारी तो आला. नाव तळ्याच्या मध्यावर होती. लाटा म्हणाव्यात तर लहानच, पण एकामागून एक काठावरून आत पडत होत्या. नावेतले तिघे चिरे उचलून पाण्यात टाकत होते आणि मी पायरीवरून "चिरे टाका, चिरे टाका" असं ओरडत होतो. मला पोहता येत नव्हतं. नाव एका अंगाला कलली, चिरे सगळे एका बाजूला घसरले आणि ती गेली. दोघे केवट पोहत काठाला लागले. मिस्त्री लागले नाहीत.

त्यांच्या घरी पत्र मीच लिहिलं. वारा एकाएकी सुटला, असं लिहिलं. ते खोटं नव्हतं. त्या दिवशी ठेकेदाराला सांगितलेलंही खोटं नव्हतं.

वैशाखात तळ्याचं पाणी उतरलं आणि नाव चिखलात कुशीवर पडलेली दिसली. मी गुडघाभर चिखल तुडवत तिच्यापाशी गेलो. दोन्ही रेघा शाबूत होत्या. मिस्त्री लोट्याला धरत तसं मी त्यांच्या मधे बोट आडवं धरलं. ते बरोबर बसलं.

मग राहिलेलं वाक्य मी हिंदीत म्हणून पाहिलं. "पर सेठजी, अपनी नाव ये तालाब छोड़के जाएगी कहाँ?" अगदी सोपं होतं. एका दमात म्हणता आलं.